कोणत्या बांधीत लावणार?

मास्तरांनी गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा, आमगाव, देवरी या पट्ट्यात आयुष्यभर मराठी शिकवलं. सिस्टर त्यांच्याच हाताखालून गेलेली, आता एका सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. ती गोंड. मास्तर वारकरी घरातले, म्हणजे गळ्यात माळ आणि कपाटात तांबे-बालकवी. दोघांचा जुना वाद आहे. झाडं, पाऊस, नदी, चंद्र यांच्या कवितेनं मरणाची भीती हलकी होते, हे मास्तरांचं म्हणणं. होत असेल, पण ज्याला इतक्यात मरायचं नाही त्याची, हे सिस्टरचं.

मागच्या हिवाळ्यात मास्तरांना हार्ट अटॅक आला, नागपूरला नेऊन स्टेंट टाकावा लागला आणि या वादाला धार चढली. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांच्या अंगणात झालेलं बोलणं खाली देतोय. दोघंही एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, त्यामुळे सलगपणा माझा. नाव घालायचं नाही, असं दोघांनीही बजावलं. त्या संध्याकाळचं हे एवढंच एकमत.

सिस्टर : गोळ्या वेळेवर घेता न, सर? रक्त पातळ ठेवायची एक दिवसही चुकवायची नाही.

मास्तर : घेतो जी. पण खरं सांगू? गोळ्यांइतकंच मला तांब्यांनी सावरलं.

सिस्टर : हे तुमच्या डॉक्टरसमोर नका बोलू.

मास्तर : हसू नको. भा. रा. तांब्यांची ती कविता तुम्हाला शिकवली होती मी. लताबाईंनी गायलेली, वसंत प्रभूंच्या चालीतली. माणूस गेला की लोक थोडं चुकचुकतात आणि आपापल्या कामाला लागतात. आभाळात जे फिरायचं ते फिरत राहतं, ढग यायचे तेव्हा येतात, शेतं पिकतात. वर्गात शिकवताना मला ती कडू वाटायची. आता तिच्यात उलटंच सापडलं. मी नसताना पाऊस अडणार नाही, रोवणी अडणार नाही. इतकी वर्षं सगळं मीच तोलून धरलंय असं वाटायचं, ते ओझं कोणीतरी उतरवून घेतलं.

सिस्टर : हे कधी वाटलं?

मास्तर : दवाखान्यातच.

सिस्टर : दवाखान्यात, पण कधी? गाडीत घातलं तेव्हा? छातीत कळ होती तेव्हा?

मास्तर : नाही. तेव्हा काहीच आठवलं नाही. घामानं सदरा चिकटला होता, डावा हात आपला नाहीच असं झालं होतं आणि डोक्यात एकच, गॅसची टाकी बंद केली का. तांबे आले ते स्टेंट पडल्यावर. चहा-बिस्किट मिळाल्यावर.

सिस्टर : म्हणजे धोका टळल्यावर.

मास्तर : धोका टळला, भीती कुठे टळली? ती तर तिथून सुरू झाली. घरी आलो तर रात्री साधा करपट ढेकर आला तरी उठून बसायचो. बायको झोपली की तिचा श्वास ऐकायचो, मग माझा. त्या भीतीवर तुझ्याकडे कोणतं इंजेक्शन आहे, सांग.

सिस्टरनं यावर उत्तर दिलं नाही, आणि माझ्या मते इथेच वादाची नीट वाटणी झाली असती. एक भीती तासाभराची असते, तिला घाम आणि ऑक्सिजनचा आकडा असतो. दुसरी वर्षानुवर्षं घरात राहते, जेवायला बसते, नातवाच्या मुंजीत येते. पहिलीशी दवाखाना लढतो. दुसरीकडे डॉक्टरला बघायला वेळ नसतो, ती कवीच्या वाट्याला येते. पण मास्तर वाटणीवर समाधान मानणारे नाहीत. त्यांना सगळंच रान हवं असतं.

मास्तर : आणि आपल्या धानपट्ट्यातल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावंही लागत नाही. मृगात पऱ्हे टाकायचे, वीतभर झाले की उपटायचे, पेंढ्या बांधायच्या आणि दुसऱ्या बांधीत चिखलात रोवायचे. जिथे उगवले तिथेच दाटीवाटीत ठेवले तर धान भरत नाही. उपटणं म्हणजे शेवट नव्हे, हे आपल्या हातांना ठाऊक आहे. तांब्यांनी मरणाला सासरी निघालेल्या नवरीचं रूप दिलं. मी कवी असतो तर पऱ्ह्याचं दिलं असतं.

सिस्टर : पऱ्हं उपटायच्या आधी शेतकऱ्यानं चिखल करून ठेवलेला असते, सर. कुठे लावायचं ते त्याला माहीत असते. मेलेल्या माणसाला तुम्ही कोणत्या बांधीत लावणार?

मास्तर : ...

सिस्टर : आणि रोवणी म्हटली की तुम्हाला हिरवं दिसते, मला मण्यार दिसते. पावसाळ्यात बिळात पाणी भरलं की ती घरात शिरते. गोरगरीब जमिनीवर झोपतात. नागासारखं नाही तिचं. सूज नाही, आग नाही, कित्येकदा चावल्याची खूणही सापडत नाही. माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठते. घरचे म्हणतात, रात्रीचं खाणं बाधलं. मग पापण्या पडतात. मग थुंकी गिळता येत नाही, आवाज नाकातून येते. मग छातीचे स्नायू थांबतात. आणि हे सगळं होताना आतला माणूस जागा असते सर, पुरा जागा. फक्त बोट हलवता येत नाही.

मास्तर : लस देता न?

सिस्टर : देतो. पण एकदा विष नसांना धरून बसलं की लस एकटी पुरत नाही. स्वतःचा श्वास परत येईपर्यंत कोणीतरी बाहेरून द्यावा लागते. एका पोराला ट्यूब टाकून गोंदियाला नेत होतो. भर रोवणीचे दिवस. मी अँब्यू बॅग दाबून राहिली होती, पाच-सहा सेकंदांनी एकदा, पुन्हा एकदा. दाबायची, सोडायची, छाती वर आली का बघायची. हाताला गोळे आले. मोजत होती तोंडानं, चुकू नये म्हणून. आमगाव कधी मागे पडलं समजलं नाही. खिडकीबाहेर चांदणं होतं म्हणे, ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. मला त्या चांदण्याचा काय उपयोग?

मास्तर : पोरगा?

सिस्टर : वाचला. आठवड्यानं बोलला तेव्हा म्हणे, मावशी, तुम्ही आकडे म्हणत होत्या ते मले ऐकू येत होते. तेवढंच ऐकू येत होतं.

मास्तर : बघ. अंधारात त्यानं तुझी लय धरली.

सिस्टर : लय नाही सर. ऑक्सिजन.

या उत्तरावर मी मनात टाळी वाजवली, हे कबूल. निसर्ग मरणाची भीती घालवतो असं म्हणणारा माणूस बहुधा शहरात राहणारा किंवा पेन्शनवर असलेला असतो. सालेकसा तालुक्यात जंगल हे मरणाचं औषध कमी आणि कारण जास्त आहे. मोहफुलं वेचायला पहाटे गेलं तर त्याच फुलांसाठी आलेलं अस्वल भेटतं. धानाच्या उघड्या बांधीत दुपारी वीज पडते. मण्यारीचं वर आलंच. हाजरा फॉलला सहलीला येणारे फोटो काढून परत जातात, त्यांना हा हिशेब करावा लागत नाही.

पण मास्तरांकडे तुकोबा होते.

मास्तर : तू म्हणतेस ते मान्य. निसर्ग मारतो. तुकोबांना हे कोणी शिकवायला नको होतं. १६३०चा दुष्काळ आठव. पावसानं दगा दिला आणि घरातली बायको अन्नान्न करत गेली, पोरगा गेला. गुरं गेली, सावकारी बुडाली. एवढं झाल्यावर तो माणूस कुठे जाऊन बसला? डोंगरावर. भंडाऱ्यावर. आपला भंडारा नव्हे, देहूजवळचा. आणि झाडावेलींना सोयरे म्हणाला. ज्यानं उपाशी मारलं त्याच्याशीच सोयरीक केली. हा काय नुसता चांदण्याचा निसर्ग आहे?

सिस्टर : नाही. पण ते डोंगरावर गेले कारण ते उरले. दुष्काळात गेलेल्या त्यांच्या रखमाबाईंनी काय म्हटलं असतं झाडावेलींना? त्यांचा अभंग कुठे आहे?

मास्तर : त्या बिचारीचा कसा असणार?

सिस्टर : तेच म्हणून राहिली मी. मेलेल्याची कविता नसते, उरलेल्याची असते. तुम्ही म्हणता कवितेनं मरणाची भीती जाते. मी म्हणते, कवितेनं दुसऱ्याच्या मरणानंतर जगता येते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मास्तर : वेगळ्या कशा? दुसऱ्याचं मरण पचवता पचवताच माणूस स्वतःच्या मरणाची तालीम करतो. त्याखेरीज आपल्याला कोणतं मरण पाहायला मिळतच नाही.

सिस्टर : मग तुमच्या बालकवींची तालीम कमी पडली म्हणायची. सगळ्यात मोठा निसर्गकवी, आणि गेला कसा? रेल्वेखाली.

हा घाव मास्तरांच्या वर्मी होता. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १८९०मध्ये धरणगावला जन्मले, १९०७मध्ये जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ झाले आणि ५ मे १९१८ला भादली स्टेशनात रूळ ओलांडताना गाडीखाली गेले. अठ्ठावीस वर्षंही पुरी नव्हती. मुंबई-नागपूर-हावडा हा जो मार्ग भादलीवरून जातो, तोच पुढे गोंदिया, आमगाव करत सालेकसावरून दरेकसाच्या बोगद्यात शिरतो. मास्तरांच्या अंगणात बोलताना दर थोड्या वेळानं मालगाडी जाते आणि दोघांनाही थांबावं लागतं. सिस्टरनं ते वाक्य नेमकं गाडी गेल्यावर म्हटलं. मुद्दाम होतं की नाही, सांगता येत नाही.

मास्तर : तो अपघात होता. अपघाताचा दोष कवितेला कशाला?

सिस्टर : दोष नाही देत. विचारून राहिली. फुलं, पाखरं, श्रावण एवढं लिहिलं, त्यांना स्वतःला आराम पडला का?

मास्तर : नाही पडला. शाळेच्या पुस्तकांनी त्यांचा श्रावण तेवढा घेतला आणि उरलेलं पोरांपासून लपवलं. त्यांच्या पुढच्या कवितांत काळोख आहे. पडक्या घरातला एकटा पारवा आहे. कारण सापडत नाही असं दुःख आहे. तेच डोळे, तेच झाड, पण आता ते झाड हसत नाही. ‘औदुंबर’ घे. आठ ओळी. गाव, शेतं, पायवाट, डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. बस. त्यावर समीक्षकांनी किती पानं काळी केली. कोणाला त्यात विरक्ती दिसते, कोणाला मरण, कोणाला नुसतं चित्र. मला आता काय दिसतं सांगू? त्या कवितेत कोणी कोणाचं सांत्वन करत नाही. मघाशी तू विचारलंस, कोणत्या बांधीत लावणार. बालकवी बांधी दाखवतच नाहीत. डोहापर्यंतची वाट दाखवतात आणि गप्प बसतात. माझं पऱ्ह्याचं खोटं होतं, चल. ते मागे घेतो.

सिस्टर : खोटं नाही, घाईचं होतं. मला तुमची एकच कविता लक्षात आहे. मर्ढेकरांची. पिपातले उंदीर. अभ्यासक्रमाबाहेरची म्हणून तुम्ही दार लावून वाचली होती.

मास्तर : ती? ती का?

सिस्टर : त्यात फूल नाही न, म्हणून. मरण आहे तसं आहे. ओलं, नकोसं, कोणाला न विचारता आलेलं. पहिल्यांदा वॉर्डात रात्रपाळी केली तेव्हा मला ती आठवली आणि वाटलं, हे कोणाला तरी आधी दिसलं आहे. तेवढ्यानं जरा भीती कमी झाली. बघा, तुमच्याच बाजूचं बोलली.

मास्तर : माझ्या बाजूचं कसं? मी तर निसर्गाच्या कवितेचं सांगून राहिलो होतो.

सिस्टर : उंदीर निसर्गातच असते, सर.

बालकवी धरणगावचे, मर्ढेकर फैजपूरचे, आणि ज्यांच्याकडे आता बोलणं वळलं त्या बहिणाबाई असोद्याच्या. तिघंही आजच्या जळगाव जिल्ह्यातली. एका जिल्ह्यानं मराठीला मरणाच्या इतक्या निराळ्या तऱ्हा दिल्या, यावर कोणीतरी सवडीनं लिहायला हवं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर आणि शेतात त्या म्हणायच्या, घरातल्यांनी उतरवून घेतलं, त्या १९५१मध्ये गेल्या आणि १९५२ला आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. तरुणपणीच वैधव्य, एक मुलगा प्लेगानं कायमचा अधू झालेला. या बाईला भीतीची कारणं कमी नव्हती.

सिस्टर : बहिणाबाईंचं पटते मला. त्या बांधावर उभ्या राहून बोलत नाहीत, बांधीत उतरून बोलतात. मातीखाली निजलेलं बी त्यांनी सांगितलं तर त्यांना हेही माहीत असते की चारातलं एक कुजते, एकाला किडा लागते. तरी त्या पेरतात. श्वासावर त्यांनी म्हटलं आहे ते तर आमच्या वॉर्डाच्या भिंतीवर लावावं असं आहे. जन्म आणि मरण यांच्यात फार जागा नाही, हे त्यांनी नुसतं नाक-तोंड बघून ओळखलं.

मास्तर : मग भांडण कशावर आहे आपलं?

सिस्टर : ‘भीती जाते’ यावर. जात नाही. बाजूला सरकून बसते फार तर.

मास्तर : मला तेवढं पुरते.

मास्तरांना पुरत असेल, पण हा दावा त्यांच्याआधी फार मोठ्या माणसानं फार मोठा करून मांडला होता. येशूच्या आधीच्या शतकात रोममध्ये ल्युक्रेशियस नावाच्या कवीनं सहा सर्गांचं एक काव्य लिहिलं. विषय, सृष्टी कशी चालते. हेतू, माणसाची मरणाची भीती मोडून काढणं. त्याचा युक्तिवाद असा: आपण म्हणजे कणांची जुळणी, ती सुटली की आपण नाही आणि जिथे आपण नाही तिथे दुःख कोणाला? जन्मापूर्वीचा अनंत काळ आपल्याला बोचत नाही, मग नंतरचा का बोचावा? तिसरा सर्ग वाचताना खरोखर धीर येतो. आणि हेच काव्य संपतं कुठे, तर अथेन्समधल्या महामारीपाशी. प्रेतांचे ढीग, चितांसाठी भांडणारे नातेवाईक, आणि पडदा. काव्य अपुरं राहिलं म्हणून असं झालं की त्यानं मुद्दाम केलं, यावर पंडित अजून भांडतात. मला ते मुद्दाम वाटतं. सृष्टीचा धीर देऊन झाल्यावर त्यानं वाचकाला मसणवटीत नेऊन उभं केलं: आता बघ, टिकतो का. सिस्टरला हा कवी आवडला असता. मास्तरांना तो कोरडा वाटतो, कारण त्यात विठोबा नाही.

मास्तर : बरं, तुमच्याकडे काय आहे ते तरी सांग. साजाच्या झाडात तुमचा बडादेव. मेलेला माणूस पेन, म्हणजे देव, होऊन घराण्यात परत मिळतो. निसर्गातून मरणाची भीती घालवणं याहून निराळं काय असते?

सिस्टर : ते कविता म्हणून नसते, सर. नातेवाईक म्हणून असते. नातेवाईक म्हटला की त्याला जेवू घालावं लागते, तो रुसते, त्याचं चुकलं तर त्याला बोलही लावता येते. तुम्ही चंद्राला कधी शिवी दिली?

मास्तर : नाही.

सिस्टर : माझ्या आजीनं पेनला दिली आहे. भर अंगणात. आणि दुसऱ्या दिवशी नैवेद्य पण दाखवला.

मास्तर : आणि कचारगड?

इथे सिस्टर खुर्चीत नीट बसली. कचारगड सालेकसा तालुक्यातच, दरेकसाजवळ धनेगावच्या डोंगरात. माघ पौर्णिमेला तिथे महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून माणसं लोटतात, धनेगावच्या रस्त्यावर पिवळे पटके आणि ‘जय सेवा’. मोतीरावण कंगालींसारख्या अभ्यासकांनी तिथल्या कथेवर आणि गोंडांचा धर्मगुरू लिंगो याच्या धर्मविचारावर लिहिलं आहे. पण सिस्टरनं सांगितली ती आजीच्या तोंडची गोष्ट. दुसऱ्या गावात ती थोडी वेगळी ऐकायला मिळेल.

सिस्टर : काली कंकाली मातेची तेहतीस पोरं. भारी द्वाड. शंभूशेकनं त्यांना गुहेत कोंडलं आणि तोंडावर धोंडा लोटला. माय बाहेर रडून राहिली. जंगो रायताड आली, पहांदी पारी कुपार लिंगो आले. धोंडा काही हलेना. मग हिरासुका आला. त्याच्याजवळ हत्यार नाही, किंगरी. तो वाजवत राहिला. आतल्या पोरांच्या अंगात त्या आवाजानं बळ भरलं. आतून त्यांनी जोर लावला, बाहेरून यानं. धोंडा सरकला, पोरं बाहेर आली.

मास्तर : बघ. गाण्यानं धोंडा हलला.

सिस्टर : गोष्ट तिथे संपत नाही. सरकलेला धोंडा हिरासुकावर आला. तो त्याच्याखाली गेला.

मास्तर : हो... ते राहतंच माझ्याकडून.

सिस्टर : सगळ्यांकडून राहते. धोंडा धोंडाच असते, सर. गाणं ऐकून तो मऊ होत नाही, फूल होत नाही. गाण्यानं बदलते ते आतल्यांचं बळ. आणि गाणारा वाचेलच याची हमी नाही. तुमचे बालकवी नाही वाचले.

ल्युक्रेशियसच्या सहा सर्गांत जे मला सापडलं नाही ते या गोष्टीत आहे, असं मी त्या संध्याकाळी वहीत टिपून ठेवलं. निसर्गाची कविता मरणाला गोंडस करते, हा तिच्यावरचा जुना आरोप. वाईट कविता तसं करतेही. पिकलं पान गळतंच, नदी सागराला मिळतेच, अशा शोकसंदेशांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरलेले असतात आणि त्यांनी कोणाचीही भीती तिळभर हललेली नाही. पान पिकून गळतं हे खरं, पण मण्यार चावलेलं पोर पिकलेलं नसतं. चांगली कविता धोंड्याला धोंडाच म्हणते. तांब्यांची ती कविता मास्तरांच्या उपयोगी पडली, कारण तिच्यातला सूर्य कोणासाठी रडत नाही. त्यानं डोळे पुसले असते तर मास्तरांनी ती चहाबरोबर विसरून टाकली असती.

मास्तर : बाबा आमट्यांचं काय म्हणशील? आनंदवनात, २००८ साली. देह जाळला नाही, मातीत ठेवला, झाडांच्या कामी यावा म्हणून. ‘ज्वाला आणि फुले’ लिहिणारा कवीच होता तो.

सिस्टर : ते मला मान्य आहे. त्यांनी बांधी स्वतः ठरवली, आणि जिवंतपणी तीच जमीन कसली. त्यांना ते बोलायचा हक्क होता.

मास्तर : आणि मला नाही?

सिस्टर : तुम्ही अजून दहा-पंधरा वर्षं गोळ्या घ्या, मग हक्काचं बघू.

मास्तर : बरं, मला एक सांग. इतकी वर्षं वॉर्डात आहेस. शेवटच्या वेळी माणसं काय मागतात? देव? पोरं?

सिस्टर : पाणी. कूस बदलून द्या म्हणतात. घरी न्या म्हणतात. कोणी पैशाचं सांगते, अमक्याकडून इतके यायचे आहेत. कविता कोणी मागितली नाही अजून. हां, या फाल्गुनात एक म्हातारी होती. जंगलाला लागून असलेल्या गावातली. तिनं झाडाचं विचारलं होतं.

मास्तर : कोणत्या झाडाचं?

सिस्टर : मोहाच्या. गावात कोणतं झाड कोणाच्या घरानं वेचायचं ते ठरलेलं असते. तिचं एक होतं, सासूकडून आलेलं. म्हणे, माझ्या झाडाखालचा पाला कोणी झाडला का? पाला झाडून जागा साफ केली नाही तर फुलं सापडत नाहीत, आणि लोकं मग पेटवून देतात, आग जंगलात जाते. दिवसातून चारदा तेच. श्वास पुरत नव्हता, तरी तेच. पाला झाडला का?

मास्तर : मग तू काय सांगितलंस?

सिस्टर : म्हटलं, झाडला. तुमच्या थोरल्या सुनेनं झाडला, आता तीच वेचणार आहे. मला काय माहीत कोण वेचणार? ती सून तर बाहेर फोनवर होती. तोंडात आलं ते सांगून दिलं. म्हातारी निवांत झाली. दोन दिवसांनी गेली.

मास्तर : म्हणजे तूही बांधी दाखवलीस.

सिस्टर : दाखवली न, आणि आता भोगून राहिली. थोरली म्हणते, सासूनं मरताना झाड मला दिलं, सिस्टर साक्षीला आहे. धाकटा म्हणते, आईला शुद्धच नव्हती. तंटामुक्ती समितीनं मला परवा बोलावलं आहे.

मास्तर : जाशील?

सिस्टर : न जाऊन काय करता? फुलं टपकायला लागली आहेत. समितीचे अध्यक्ष म्हणे, बाई, लवकर या, नाही तर दोघांच्या भांडणात सगळी अस्वलं खातील.